४.९.३ वर थांबलेलं मासिक

५ फेब्रुवारी २०१८ रोजी वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरची ४.९.३ ही आवृत्ती आली आणि दुसऱ्याच दिवशी ४.९.४. इतकी घाई करण्याचं कारण जरा विचित्र होतं. ४.९.३ मध्ये शिरलेल्या एका चुकीमुळे वर्डप्रेसची आपोआप अपडेट होण्याची सोयच बंद पडली होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ ही आवृत्ती आल्यापासून छोट्या दुरुस्त्या मालकाला न विचारता परस्पर बसत असत. आता जी दुरुस्ती बसली, तिनेच पुढच्या दुरुस्तीची वाट अडवली. ज्यांनी डॅशबोर्डवर जाऊन अपडेटचं बटण हाताने दाबलं, त्यांची साइट सुटली. ज्यांनी दाबलं नाही, त्यांची तिथेच राहिली.

पुण्यातल्या एका जुन्या मराठी मासिकाची साइट अशीच राहिली होती, सहा वर्षं. लेख चढत होते, वाचक येत होते, दिवाळी अंकाची जाहिरात दर वर्षी मुखपृष्ठावर झळकत होती. काही बिघडलेलं दिसत नव्हतं, त्यामुळे कोणी बघितलंही नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात होस्टिंग कंपनीची ईमेल आली. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीच्या सर्व्हरवरच्या जुन्या आवृत्त्या काढून टाकणार, त्यानंतर साइट चालेल याची जबाबदारी आमची नाही, असा तिचा मथितार्थ. संपादकांनी ईमेलची प्रिंट काढली, समासात लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं आणि ती एका वेब डेव्हलपरकडे पाठवली. कोथरूडमध्ये घरून काम करणारी ही बाई छोटे प्रकाशक, वाचनालयं, एखाददुसरा ट्रस्ट अशांच्या साइट सांभाळते. मोठ्या कंपन्यांना या कामात पैसा दिसत नाही आणि हौशी पोरांना यातली किचकट बाजू झेपत नाही. मधल्या जागेत तिचं बरं चालतं.

"यातून वाचकाला नवीन काय दिसणार?" संपादकांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

"काहीच नाही, सर," ती म्हणाली. "तसं झालं तर काम जमलं म्हणायचं."

संपादकांना ते पटलं नाही. त्यांनी वर्डप्रेस ६.५ विषयी वाचलं होतं. २ एप्रिल २०२४ रोजी आलेल्या या आवृत्तीचं नाव जॅझ व्हायोलिनवादक रेजिना कार्टर यांच्यावरून 'रेजिना' ठेवलेलं. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं द्यायची जुनी प्रथा आहे. या आवृत्तीत फॉन्ट लायब्ररी आली होती. हवा तो फॉन्ट निवडायचा आणि आपल्याच सर्व्हरवर उतरवून घ्यायचा. कोडला हात लावायची गरज नाही. मराठी मासिकाच्या संपादकाला याहून गोड बातमी कोणती? मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला 'मुक्त' त्यांच्या मनात होता.

तिने त्यांचा उत्साह तिथेच थोडा थंड केला. ६.५ मधली फॉन्ट लायब्ररी फक्त ब्लॉक थीमला मिळत होती. मासिकाची थीम जुन्या पद्धतीची, पीएचपीच्या फायलींवर उभी असलेली, म्हणजे ज्याला आता क्लासिक थीम म्हणतात ती. तिच्यात फॉन्ट घालायचा तर तो पूर्वीसारखाच हाताने घालावा लागणार होता. जाहिरातीतली पहिल्या क्रमांकाची सुविधा या साइटच्या वाट्याला येणारच नव्हती.

नव्या आवृत्तीची माहिती ती खालून वर वाचते, ते याचसाठी. वरच्या भागात चित्रं असतात, चकचकीत नावं असतात. तळाशी बारीक अक्षरात पीएचपी किमान किती हवं, कोणतं फंक्शन बाद झालं, जावास्क्रिप्टची कोणती लायब्ररी बदलली हे असतं. वर्डप्रेसचे लोक प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर डेव्हलपरांसाठी 'फील्ड गाइड' प्रसिद्ध करतात. मालक लोक ते उघडत नाहीत आणि देखभाल करणाऱ्याची सुरुवात तिथूनच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.३ ने पीएचपी ५ चा आधार काढून घेतला आणि किमान ७.० मागितलं. जुलै २०२४ च्या ६.६ ने ती रेघ ७.२.२४ वर नेली. मासिकाची साइट चालत होती पीएचपी ५.६ वर.

त्यामुळे पेच असा: नवं वर्डप्रेस जुन्या पीएचपीवर चालत नाही आणि जुनं वर्डप्रेस नव्या पीएचपीवर चालत नाही. पीएचपी ८ साठी वर्डप्रेसची तयारी सुरू झाली ती डिसेंबर २०२० च्या ५.६ पासून. ४.९ तिथे थेट नेली असती तर पांढऱ्या पानाशिवाय काही दिसलं नसतं. दोघांना एकत्र आणणारी मधली पायरी होती पीएचपी ७.४. तिच्यावर ४.९ कुरकुरत का होईना चालते आणि ६.५ तर आरामात. मग क्रम ठरला. आधी साइटची हुबेहूब प्रत काढायची आणि ती वेगळ्या पत्त्यावर ठेवायची. तिथे पीएचपी ७.४, मग वर्डप्रेस ६.५, मग प्लगइन आणि थीमची डागडुजी आणि सगळ्यात शेवटी पीएचपी ८.२. वर्डप्रेसपुरतं बोलायचं तर ४.९ वरून ६.५ वर एकदम उडी मारता येते. डेटाबेसमधले मधल्या काळातले बदल ते स्वतःच क्रमाने करून घेतं. अडचण कधीच गाभ्याची नसते. ती आजूबाजूला जे चिकटवलेलं असतं त्याची असते.

दुसरा विचार पंचांगाचा. वर्डप्रेस ५.० डिसेंबर २०१८ मध्ये, ६ तारखेला आली, नाताळच्या तोंडावर. अमेरिकेत वर्षातला सगळ्यात मोठा विक्रीचा हंगाम, आणि त्यातच संपूर्ण नवा एडिटर. त्यावरून तेव्हा बरीच ओरड झाली होती. मराठी मासिकाचा हंगाम वेगळा. गणपती उठले की दिवाळी अंकाची धावपळ, दिवाळी झाली की वर्गणीची. तेव्हा साइटला हात लावायचा तर पावसाळ्याच्या सुरुवातीला, श्रावण लागायच्या आत. ६.६ जुलैच्या मध्यावर येणार हे जाहीर झालेलं होतं, पण तिची वाट पाहायची नाही असं तिने ठरवलं. मोठी आवृत्ती आली की पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबायचं, हा तिचा नेम. ६.६ आली १६ जुलैला आणि ६.६.१ त्याच महिन्यात, आठवड्याभराने.

प्रत काढताना खरी गोम कळली.

मासिकाची साइट २००६ मध्ये सुरू झालेली. त्या काळी मायएसक्यूएल हा डेटाबेस नवी टेबलं 'लॅटिन-१' या पाश्चात्त्य लिपीच्या साच्यात बनवायचा, आणि अक्षरांचा क्रम लावायचा तोही स्वीडिश भाषेच्या नियमाने, कारण मायएसक्यूएल मूळ स्वीडनचा. वर्डप्रेसने लिपी स्पष्ट सांगण्याची सोय दिली २००७ च्या २.२ मध्ये. त्याआधीच्या साइटवर मराठी मजकूर युनिकोडचाच असे, पण टेबलाला वाटे की तो लॅटिन आहे. घेणारा आणि देणारा दोघेही एकाच गैरसमजात असल्यामुळे वाचकाला पान बरोबर दिसे. एप्रिल २०१५ मध्ये ४.२ ने डेटाबेस चार बाइटच्या नव्या साच्यात नेले, म्हणजे इमोजीही मावू लागले. पण ते फक्त ज्यांची टेबलं आधीच युनिकोड म्हणून नोंदलेली होती त्यांचे. लॅटिन म्हणवणाऱ्या टेबलांना तिने हात लावला नाही.

नव्या सर्व्हरवर तो गैरसमज संपला आणि पानं फुटली. देवनागरीचं एक अक्षर युनिकोडच्या त्या पद्धतीत तीन बाइट घेतं. तिथे प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं उमटली. पहिलं नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए. अठरा वर्षांचा मजकूर, कथा, परीक्षणं, मृत्युलेख, सगळं त्या चिन्हांचं रान. ऑफिसातल्या काकांनी ते पडद्यावर पाहिलं आणि खुर्चीतच बसले. काका पूर्वी मासिकाचे जुळारी होते, पुढे डीटीपी शिकले आणि साइट सुरू झाल्यापासून लेख चढवतात तेच.

"ताई, हे गेलं का सगळं?"

गेलं नव्हतं. बाइट जागच्या जागी होते, पाटी चुकीची होती. अशा वेळी टेबलाला थेट 'युनिकोड हो' म्हणून सांगितलं तर ते शहाणपणाने लॅटिन चिन्हांचं युनिकोडात भाषांतर करतं आणि मजकूर दुप्पट बिघडतो. म्हणून दोन टप्पे. आधी त्या रकान्याला सांगायचं की तुझ्यात भाषा नाही, नुसते बाइट आहेत. मग सांगायचं की हे बाइट युनिकोडचे आहेत. मजकुराला धक्का लागत नाही, फक्त पाटी बदलते. पान पुन्हा उघडलं तेव्हा काकांनी आधी तारीख बघितली, मग शीर्षक, आणि मग चष्मा कपाळावर चढवून पूर्ण लेख प्रूफ वाचावं तसा वाचला. 'ळ' आहे, 'ऱ' आहे, जोडाक्षरं आहेत. पुढे त्यांनी प्रत्येक वर्षातले काही लेख छापील अंकाशी ताडून पाहिले. हे काम कुठल्याही सॉफ्टवेअरला जमलं नसतं.

मग थीम. आधीच्या ठेकेदाराने ती बाजारातून घेतली होती आणि मासिकाला हवे ते बदल थेट तिच्या मूळ फायलींत केले होते. चाइल्ड थीम केली असती तर बदल वेगळे राहिले असते आणि मूळ थीम अद्ययावत करता आली असती. इथे अपडेट केलं की वर्गणीचा फॉर्म, लेखक-सूची, अंकांची जंत्री सगळं पुसलं जाणार. म्हणून वर्षानुवर्षं कोणी अपडेट केलंच नाही. थीमच्या आत पीएचपी ७.२ पासून नको म्हणून सांगितलेली आणि ८.० मध्ये काढूनच टाकलेली फंक्शनं होती. ती एकेक करून बदलली. जागोजागी बिनदिक्कत 'काउंट' वापरलेलं, म्हणजे लेखाला एकही टॅग नसला तरी टॅगांची मोजणी. जुनी पीएचपी अशा वेळी काहीतरी आकडा देऊन पुढे जायची, ८ तिथेच थांबते आणि पान पाडते. हे दिसायला क्षुल्लक असतं, पण टॅग नसलेले लेख सगळे २०१० च्या आधीचे, आणि ते कोणी तपासायलाही घेत नाही.

अंकांची जंत्री आणखी एका कारणाने मेली. वर्षावर टिचकी मारली की बारा महिने उलगडायचे, ते उलगडेनात. वर्डप्रेसमध्ये जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वर्षानुवर्षं १.१२ वर थांबलेली होती, आणि तिच्याहून जुन्या सवयी चालवून घेणारी 'मायग्रेट' नावाची सोय बरोबर असे. ऑगस्ट २०२० च्या ५.५ ने ती सोय काढली, डिसेंबरच्या ५.६ ने जेक्वेरी ३.५ वर नेली. त्या वर्षी जगभरातल्या असंख्य साइटवर मेनू, स्लायडर, फॉर्म मुके झाले होते. मासिकाची साइट तेव्हा ४.९.३ वर सुखरूप झोपलेली, म्हणून ते दुखणं तिला चार वर्षांनी भोगावं लागलं. लांबवलेलं अपडेट टळत नाही, साचतं. दर आवृत्तीला एक-दोन गोष्टी मोडल्या असत्या तर कोणती कशामुळे हे सांगता आलं असतं. इथे सगळ्या एकदम मोडल्या, आणि कुठला धागा कुठे जातो ते शोधणं म्हणजे जुन्या वाड्यातलं वायरिंग उकलण्यासारखं झालं.

प्लगइनांची यादी तिने तीन रकान्यांत केली: ठेवायचे, बदलायचे, काढायचे. काढायच्यांत पहिला होता मुखपृष्ठावरचा स्लायडर. तो थीमबरोबर फुकट आलेला होता, म्हणजे परवाना थीमवाल्याचा. अशा प्लगइनला अपडेटची सूचनाही येत नाही. पनामा पेपर्स प्रकरण एप्रिल २०१६ मध्ये फुटलं, तेव्हा मोसॅक फोन्सेका या वकिली कंपनीच्या साइटवर तज्ज्ञांना रेव्होल्यूशन स्लायडरची अशीच जुनी, भोक असलेली आवृत्ती सापडली होती, आणि ग्राहकांच्या पोर्टलवर वर्डप्रेससारख्याच द्रुपलची जुनी आवृत्ती. सुमारे एक कोटी पंधरा लाख कागद नेमके कुठून निसटले यावर तर्क पुष्कळ झाले. पण ती दोन दारं उघडी होती हे खरं. संपादकांना ही हकिकत सांगितल्यावर स्लायडर काढायला त्यांनी लगेच होकार दिला. त्यांनी एवढंच विचारलं, की मुखपृष्ठाचं चित्र तरी राहील ना? राहिलं. एक चित्र दाखवायला स्लायडर लागत नाही.

नवी आवृत्ती म्हणजे नेहमी जास्त सुरक्षित, असं मात्र तिने त्यांना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. डिसेंबर २०१६ च्या ४.७ मध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटवरच्या मजकुरापर्यंत पोचू देणारी रेस्ट एपीआयची मोठी नवी सोय आली आणि त्या सोयीतच भोक निघालं: लॉगिन न करता कोणालाही दुसऱ्याच्या साइटवरचा लेख बदलता येई. २६ जानेवारी २०१७ रोजी ४.७.२ ने ते बुजवलं. भोकाची जाहीर वाच्यता मुद्दाम काही दिवस उशिरा केली गेली, तोवर आपोआप अपडेट होणाऱ्या साइट सावरल्या होत्या. ज्यांनी ती सोय बंद करून ठेवली होती त्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली. नवी सुविधा घेऊन धोका येतो आणि तो निवारणारी दुरुस्तीही नव्या आवृत्तीतूनच येते. म्हणून मोठ्या आवृत्तीसाठी थांबावं आणि छोट्या दुरुस्तीसाठी अजिबात थांबू नये, असा भेद ती करते.

सगळ्यात नाजूक प्रश्न एडिटरचा होता. ५.० पासून वर्डप्रेसचा लिहायचा पडदाच बदलला. पूर्वी वर्डसारखी एक मोठी पाटी असे, आता प्रत्येक परिच्छेद, चित्र, शीर्षक हा वेगळा ब्लॉक. २०१८ मध्ये तो आला तेव्हा कच्चा होता. दृष्टिहीनांना वापरता येईल का याकडे पुरेसं लक्ष दिलं नाही म्हणून वर्डप्रेसच्या ॲक्सेसिबिलिटी गटाच्या प्रमुखांनी त्याआधीच, त्या ऑक्टोबरात, पद सोडलं होतं. दोन परिच्छेदांतला थोडा-थोडा मजकूर एकदम निवडण्यासारखी साधी गोष्टही त्यात करता येत नसे; ती सोय आली मे २०२२ च्या ६.० मध्ये. थांबल्याचा मासिकाला झालेला फायदा एवढाच: ज्यांनी पहिल्या दिवसापासून ब्लॉक एडिटर वापरला त्यांच्यासारख्या शिव्या काकांना द्याव्या लागल्या नाहीत.

तरी काका नाराजच होते. त्यांचं काम ठरलेलं. लेखकाकडून किंवा डीटीपीवाल्याकडून फाइल येते, बऱ्याचदा श्री-लिपीत. ती युनिकोडमध्ये बदलायची, जोडाक्षरं तपासायची, साइटवर चिकटवायची. एकसंध मजकुराचे तुकडे कशाला करायचे, हा त्यांचा सवाल. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. क्लासिक एडिटर नावाचा अधिकृत प्लगइन आहे, पन्नास लाखांहून अधिक साइटवर तो बसवलेला आहे आणि त्यात प्रत्येकाला आपापला एडिटर निवडू देण्याची सोय आहे. कोणता लेख शेवटी कोणत्या एडिटरमध्ये उघडला होता हेही तो लक्षात ठेवतो, त्यामुळे एकाच्या कामाची दुसऱ्याकडून मोडतोड होत नाही. काकांना जुना पडदा राहिला. जुन्या लेखांचंही रूपांतर करावं लागलं नाही. ब्लॉक एडिटरमध्ये ते एकाच 'क्लासिक' ब्लॉकमध्ये उघडतात आणि कोणी मुद्दाम बदल केल्याशिवाय डेटाबेसात जसेच्या तसे राहतात.

ब्लॉकांची गोडी लागली ती उपसंपादक मुलीला, आणि तीही जाहिरातीत न दिसणाऱ्या दोन ब्लॉकांमुळे. एक 'व्हर्स'. कवितेच्या ओळी, मधल्या रिकाम्या जागा, पायरीपायरीने सरकणारी सुरुवात हे सगळं टाइप केलं तसं राहतं. आधी दर ओळीला खास मोकळ्या जागेची चिन्हं घालावी लागत आणि मोबाइलवर कविता तरीही कोसळे. दुसरा तळटिपांचा, ६.३ मध्ये आलेला. मासिकात संशोधनपर लेख असतात आणि तळटिपांचे आकडे हाताने लावताना मधली एक टीप काढली की पुढचे सगळे चुकत. आता आकडे आपोआप सरकतात. उपसंपादकाने पहिल्याच आठवड्यात एका लांबलचक लेखाच्या टिपा त्यात बसवल्या आणि लेखकाला फोन करून सांगितलं, "सर, आता कितीही टिपा द्या."

मराठीसाठीचा सगळ्यात उपयोगी बदल तर नव्या आवृत्तीतला नव्हताच. साइटची भाषा सेटिंगमध्ये इंग्रजी ठेवलेली होती, सुरुवातीपासून. ती मराठी केली. त्यासरशी तारखेतले महिने मराठीत आले आणि पानाच्या कोडमध्ये भाषेची नोंद 'मराठी' अशी झाली. ब्राउझर ती नोंद वाचतो. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात, आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर इंग्रजी आवाजात अडखळत नाही. काकांचा डॅशबोर्ड मात्र इंग्रजीच ठेवला. बटणं कुठे आहेत हे त्यांच्या हाताला पाठ होतं, आणि प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र भाषा देण्याची सोय ४.७ पासून आहेच.

जे मिळालं नाही तेही सांगायला हवं. संपादकांची अपेक्षा होती की आता साइटवरचा शोध सुधारेल. तो सुधारला नाही. वर्डप्रेसचा मूळचा शोध आजही टाइप केलेली अक्षरं जशीच्या तशी जुळतात का एवढंच पाहतो. आणि मराठीत एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं. 'दुसऱ्या'मधला आडवा र कोणी 'र'ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितं, कोणी टिंब असलेल्या 'ऱ'पासून. 'ॲ' या अक्षराला युनिकोडात स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, त्याआधीच्या लेखांत तो 'अ'वर चंद्र देऊन केलेला. डोळ्याला फरक दिसत नाही, यंत्राला ती वेगळी अक्षरं. तिने संपूर्ण संग्रहात एकच पद्धत करून घेतली. हे काम डेटाबेसात थेट 'बदला' म्हणून करता येत नाही, कारण काही सेटिंगांमध्ये मजकुराबरोबर त्याची लांबीही साठवलेली असते. अक्षरं बदलली आणि लांबी तीच राहिली की ती सेटिंग वाचताच येत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय नावाचं अवजार ही लांबी सांभाळून बदल करतं. शोध त्याने थोडा बरा झाला, पण त्याचं श्रेय ६.५ ला नाही.

लेखांचे पत्तेही तसेच ठेवले. देवनागरीत पत्ता लिहिला की प्रत्येक अक्षराचे, मात्रेचे नऊ रोमन वर्ण होतात आणि वर्डप्रेस पत्त्याला दोनशेच वर्णांची जागा देतं. म्हणजे बाविसाव्या चिन्हानंतर शीर्षक कापलं जातं. मासिकाचे कित्येक पत्ते असे शब्दाच्या मध्येच तुटलेले आहेत, क्वचित विनोदीही झालेत. ते सुधारावेत असं उपसंपादकाला वाटत होतं. पण विद्यापीठांतल्या प्रबंधांत, विकिपीडियावर, वाचकांच्या व्हॉट्सॲपवर ते तसेच पोचलेले आहेत. जुने राहू दिले, नवे लेख छोट्या पत्त्याने.

दरम्यान संपादकांनी एकदा विचारलं, की वर्डप्रेसच सोडून दुसरं काही घ्यावं का? तिने द्रुपल वापरणाऱ्यांची गोष्ट सांगितली. जानेवारी २०११ मध्ये आलेली द्रुपल ७ इतकी रुजली, की २०१५ च्या द्रुपल ८ वर जायला लोक तयार होईनात. ८ ची रचनाच वेगळी होती. तिथे अपडेट नव्हतं, सगळं सामान नव्या घरात हलवायचं होतं. ७ चा आधार काढण्याची तारीख २०२१ पासून पुढे पुढे सरकत शेवटी ५ जानेवारी २०२५ ला येऊन ठेपली. त्या अनुभवाने द्रुपलनेही पद्धत बदलली आणि ८ वरून ९, ९ वरून १० हा प्रवास पुष्कळ सोपा केला. वर्डप्रेस मागचं सहसा तोडत नाही, म्हणून २००६ ची साइट २०२४ मध्ये उठून उभी राहू शकली. पण त्याच कारणाने त्याच्या पोटात जुनं सामानही खूप आहे. तीन माणसांच्या ऑफिसाला पहिली गोष्ट जास्त मोलाची, असं तिचं मत पडलं आणि संपादकांनी ते मानलं.

साइट नव्या रूपात, म्हणजे जुन्याच रूपात, आषाढात सुरू झाली. नंतर ६.६.१ चढवली. ६.६ पासून एखाद्या प्लगइनच्या आपोआप अपडेटने साइट पडली तर वर्डप्रेस आधीची आवृत्ती आपणहून परत आणतं. ते पाहिल्यावर तिने प्लगइनांची आपोआप अपडेटही सुरू केली, वर्गणीच्या पैशांशी संबंध असलेले सोडून. एप्रिल २०२५ च्या ६.८ ने पासवर्ड साठवण्याची पद्धत बदलून अधिक भक्कम बीक्रिप्ट आणली. ज्याने त्याने पुढच्या वेळी लॉगिन केलं तसा त्याचा त्याचा पासवर्ड नव्या पद्धतीने साठवला गेला. काकांना हे अजून माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही.

मासिकाच्या वार्षिक खर्चात आता साइटच्या देखभालीची वेगळी ओळ आहे. त्या ओळीसमोर संपादकांनी तिच्याकडून एक तारीख लिहून घेतली: साइट सध्या ज्या पीएचपी ८.२ वर चालते, तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ रोजी थांबतात. पुढचं काम त्या वर्षीच्या पावसाळ्यात, दिवाळी अंकाच्या आधी करायचं ठरलं आहे.